अनवाणी सोबत्यांसाठी लिहिलेली गाणी

भाषेचा विषय निघाला की आपल्या भागात बोलणे लगेच जनगणनेच्या आकड्यांकडे, आयोगाच्या अहवालाकडे आणि कोर्टाच्या तारखांकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यात गेल्या. पण या भाषा विशेषांकासाठी आम्ही मुद्दामच एका गायनमास्तरांची हकीकत निवडली आहे. हे गृहस्थ आपल्याकडचे नव्हेत, हंगेरी देशाचे. नाव झोल्तान कोदाय. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, म्हणजे आपल्या गावी ते ‘कोदाय झोल्तान’. जगाने त्यांना मोठे संगीतकार म्हणून ओळखले, बेला बार्टोक यांचे जोडीदार म्हणून मान दिला. पण आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे या माणसाने एकच ध्यास घेतला होता : प्राथमिक शाळेतल्या पोरांनी काय गावे आणि ते कोणत्या भाषेत गावे. सीमाभागातील वाचकांपुढे ही हकीकत का ठेवावीशी वाटली, ते ओघात कळेलच.

स्टेशनमास्तरांचा मुलगा

कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी केचकेमेत या गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला. रेल्वेची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. मूल जेमतेम अडीच-तीन वर्षांचे असताना वडिलांची बदली गालान्ता या छोट्या गावी झाली आणि पुढची सात वर्षे हे कुटुंब तेथेच राहिले. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो वाजवी आणि गात असे. घरात मोझार्ट-बेथोव्हेन होते, आणि स्वयंपाकघरात मोलकरणींच्या तोंडी खेड्यातली गाणी होती. गावात जिप्सी वादकांचा एक नावाजलेला ताफा होता. गावच्या शाळेत शेतकऱ्यांची अनवाणी पोरे बरोबर बसत. पुढे कोदाय यांच्या हातून जे घडले त्याचे बी या सात वर्षांत पडले, असे आम्हाला वाटते. त्यांनी स्वतःही ते कधी लपवले नाही.

पुढचे शालेय शिक्षण नाज्सोंबात या जवळच्या शहरात झाले आणि १९०० साली ते राजधानी बुडापेस्टला आले. तेथे त्यांनी एकाच वेळी दोन वाटा धरल्या. विद्यापीठात हंगेरियन आणि जर्मन भाषांचा अभ्यास, आणि संगीत अकादमीत रचनाशास्त्राचा. एका खिशात व्याकरण आणि दुसऱ्या खिशात स्वरलेखन, असा हा विद्यार्थी होता. हे दोन्ही खिसे त्यांनी जन्मभर रिकामे होऊ दिले नाहीत.

त्या काळचे बुडापेस्ट कसे होते ते थोडे सांगायला हवे. राज्य हाब्सबुर्ग घराण्याचे, दरबार व्हिएन्नाचा. शहरातील सुशिक्षितांच्या बैठकीत जर्मन भाषेला मान, आणि संगीतात तर जर्मनचीच सत्ता. कोदाय यांना रचना शिकवणारे प्राध्यापक हान्स केस्लर हे स्वतः जर्मन होते. शाळांमधून मुले जी गाणी म्हणत त्यांतील पुष्कळशी जर्मन चालींवर बेतलेली, शब्द तेवढे हंगेरियन बसवलेले. गाणे आपल्या भाषेत आहे असे वाटायचे, पण गळ्यात चाल परकी. खेड्यातील माणसाच्या गाण्याला शहरात संगीत म्हणायचीही कोणाची तयारी नव्हती. जात्यावरच्या ओवीला ‘गाणे’ न मानणारे शहाणे आपल्याकडेही होते आणि आहेत. तेव्हा हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

खांद्यावर झोळी, हातात वही

१९०५च्या उन्हाळ्यात तेविशीच्या आतबाहेरचा हा तरुण पायी निघाला तो थेट गालान्ताच्या पंचक्रोशीत. लहानपणी ऐकलेली गाणी अजून कोणी म्हणते का, हे पाहायला. ती म्हणणारी माणसे भेटली. म्हाताऱ्या बाया, गुराखी, शेतमजूर. त्यांच्याकडून त्याने गाणी उतरून घेतली आणि दुसऱ्या वर्षी हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांची बांधणी या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास बार्टोकशी मैत्री जमली. दोघांनी मिळून १९०६ साली वीस लोकगीतांचे छोटे पुस्तक पियानोच्या साथीसह छापले. शहरी रसिकांनी त्याला फारसे विचारले नाही.

तरी दोघे हिंडत राहिले. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरून घेणारे फोनोग्राफ यंत्र घेऊन खेडोपाडी जायचे, यंत्राच्या कर्ण्यापुढे म्हाताऱ्यांना बसवायचे, आणि मग रात्री दिव्याच्या उजेडात तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून लिहायचे. कोदाय उत्तरेला झोबोर डोंगराच्या पायथ्याच्या गावांत गेले, पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियातील सेकेय लोकांत गेले, पहिले महायुद्ध पेटायच्या सुमारास पार बुकोव्हिनापर्यंत पोचले. जितके आडगाव, तितके जुने गाणे, हा अनुभव त्यांना वारंवार आला. भाषेच्या प्रदेशाच्या अगदी कडेला राहणाऱ्या माणसांनीच सर्वांत जुने धन सांभाळले होते. मध्यभागातील लोकांनी ते केव्हाच विकून खाल्ले होते! हा मुद्दा आमच्या वाचकांनी अधोरेखित करून ठेवावा.

या गाण्यांच्या तपासणीत एक गोष्ट वर आली. जुन्या थरातील हंगेरियन गाणी पाच स्वरांची होती, आणि ते पाच स्वर जर्मन संगीताच्या चौकटीत बसणारे नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद. म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर. हंगेरियन भाषेचे मूळही युरोपातील बहुतेक भाषांहून वेगळे आहे. भाषा वेगळी आणि तिच्या गाण्याचा सांगाडाही वेगळा, हे आता कागदावर सिद्ध झाले.

नकाशा बदलला

दरम्यान १९०७ पासून कोदाय बुडापेस्टच्या अकादमीत शिकवू लागले होते. १९१९ साली देशात राज्यक्रांती होऊन थोडे महिने नवी राजवट आली, तेव्हा ते अकादमीचे उपसंचालक झाले. ती राजवट कोसळली आणि त्यांच्यावर चौकशी बसली. सुमारे दोन वर्षे त्यांना शिकवण्यापासून दूर राहावे लागले. आणि याच काळात, ४ जून १९२० रोजी, फ्रान्समध्ये त्रियानॉनच्या तहावर सह्या झाल्या.

या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख शेजारच्या राज्यांकडे गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषिक एका रात्रीत परक्या राज्याचे नागरिक झाले. माणसे हलली नाहीत, घरे हलली नाहीत. पोस्टाच्या शिक्क्यावरचे गावाचे नाव तेवढे बदलले. गालान्ता चेकोस्लोव्हाकियात गेले. नाज्सोंबात तेथेच गेले आणि त्याचे त्र्नावा झाले. झोबोरची गावे गेली. सेकेय लोकांचा मुलूख रुमानियात गेला. कोदाय यांनी गाणी गोळा केली होती ती गावे पाहता पाहता सरहद्दीपलीकडची झाली. हातात उरली ती वही आणि मेणाची नळकांडी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. हंगेरियन भाषिकांवर हा प्रसंग आला खरा. पण त्याआधी त्यांचे राज्यकर्ते काय करीत होते? १९०७ साली हंगेरीत शिक्षणमंत्री आप्पोनी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्या कायद्याने स्लोव्हाक, रुमानियन अशा अन्य भाषांच्या शाळांवर बंधन आले, की चौथी संपताना मुलाला हंगेरियन बोलता-लिहिता आलेच पाहिजे. ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडी आपली भाषा कोंबली, त्यांच्याच मुलांवर पुढे उलटी पाळी आली. भाषेचा अन्याय बाजू बदलतो, नाहीसा होत नाही, एवढे यातून दिसते. बार्टोक यांनी हंगेरियनबरोबर हजारो स्लोव्हाक आणि रुमानियन गाणीही तितक्याच जिव्हाळ्याने गोळा केली आणि त्याबद्दल स्वकीयांचे बोल ऐकून घेतले. कोदाय यांचा भर मुख्यतः हंगेरियन गाण्यांवर होता. पण त्यांच्या लिखाणात शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष आम्हाला आढळत नाही.

१९२३ साली पेश्त, बुडा आणि ओबुडा या तीन शहरांच्या एकीकरणाला पन्नास वर्षे झाली. त्या समारंभासाठी शहराने ज्या संगीतकारांकडून रचना मागवल्या त्यांत कोदाय होते. त्यांनी उत्सवी काहीतरी देण्याऐवजी सोळाव्या शतकातील केचकेमेतच्या मिहाय वेग या कवीने रचलेले, दाविदाच्या एका स्तोत्राचे आर्त रूपांतर निवडले. एक गायक, मोठा वृंद आणि वाद्यमेळ यांची ही रचना म्हणजे ‘प्साल्मुस हुंगारिकुस’. देशाच्या मनात जे खुपत होते ते तिच्यात उतरले होते. काही वर्षांतच ही रचना युरोप-अमेरिकेत गाजली आणि चाळिशीतील कोदाय जगप्रसिद्ध झाले. एखाद्याने येथून पुढे मोठमोठ्या सभागृहांची वाट धरली असती.

मुलांनी काय गावे?

कोदाय वळले ते शाळेकडे. ‘प्साल्मुस’च्या एका प्रयोगासाठी मुलांचे आवाज हवे होते, म्हणून बुडापेस्टच्या एका शाळेतील मुलांचा वृंद घेतला. मुले सुरेल होती. पण ही मुले एरवी काय गातात, अशी चौकशी केली तेव्हा जे हाती आले ते सामान्य आणि उसने होते. १९२५ साली कोदाय यांनी मुलांच्या वृंदासाठी लोकगीतांवर आधारलेल्या दोन रचना लिहून दिल्या. एकीत खेड्यातील मुलींच्या वसंतातील फेरीचे गाणे, दुसरीत चक्का खाणाऱ्या जिप्सीचे खट्याळ गाणे. शाळेच्या मुलांनी ती गायली आणि मोठ्यांना कळून चुकले, की हा प्रकार पोरखेळ नाही.

मग एकामागून एक अशा रचना येत राहिल्या. १९२९ साली त्यांनी ‘मुलांचे वृंद’ या नावाचा लेख लिहिला. त्यात त्यांनी जे म्हटले त्याचा आशय असा : राजधानीच्या ऑपेरागृहाचा संचालक कोण आहे यापेक्षा किश्वार्दासारख्या लहान गावी गायनमास्तर कोण आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे. संचालक वाईट निघाला तर तो काढता येतो. मास्तर वाईट निघाला तर तीस वर्षे, मुलांच्या तीस तुकड्यांच्या मनातून तो गाण्याची आवड पुसून टाकतो. आपल्याकडील शाळांच्या वेळापत्रकात गायनाचा तास असतो आणि त्या तासाला गणिताचे राहिलेले पान पुरे होते, हा अनुभव पालकांना नवा नाही. त्यांना या वाक्यांची धार वेगळी सांगायला नको.

त्यांचा आग्रह साधा होता. मूल आधी आपल्या बोलण्याच्या भाषेत बोलते, मग दुसरी भाषा शिकते. गाण्याचेही तेच असावे. आधी मातृभाषेतील, त्या भाषेच्या अंगाने वाढलेले गाणे. मग जगातील कोणतेही थोर संगीत. बाख, पॅलेस्ट्रिना यांना त्यांनी कधी दूर लोटले नाही. उलट, तेथपर्यंत पोचायचा रस्ता आपल्या अंगणातून जातो, असे ते मानीत. आणि यासाठी महागडे वाद्य लागत नाही. गळा प्रत्येकापाशी आहे, गरिबाच्या पोरापाशीही.

शब्दाचा आघात

भाषेच्या अंकात या प्रकरणावर थोडे रेंगाळायला हवे. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर पडतो. जर्मन गाण्यांच्या चाली अनेकदा हलक्या मात्रेवर सुरू होतात आणि जोर नंतर येतो. अशा चालीवर हंगेरियन शब्द बसवले की जोर भलत्याच अक्षरावर पडतो. मूल रोज असे गाणे म्हणू लागले की त्याच्या बोलण्याचीही लय बिघडते, हे कोदाय यांनी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कानाने हेरले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हंगेरियन उच्चारांच्या ऱ्हासावर विद्यापीठात व्याख्यान दिले आणि पुढे हा विषय लावूनच धरला. त्यांच्या लेखी भाषा म्हणजे केवळ शब्दकोश नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ, जोर, वाक्याचा चढ-उतार हीसुद्धा भाषाच. शब्द टिकले आणि चाल गेली तर निम्मी भाषा गेली.

हिंदी सिनेमाच्या चालीवर बसवलेल्या आरत्या आणि भजने आपण गणेशोत्सवात ऐकतोच. ‘ऱ्हस्व’ ताणले जाते, ‘दीर्घ’ गिळले जाते, आणि टाळ्या मात्र जोरात पडतात. उलट, ज्ञानेश्वर-तुकारामांचा अभंग टाळ-मृदंगावर म्हटला की शब्द आपोआप आपल्या जागी बसतो, कारण अभंगाची लय मराठी बोलण्यातूनच आली आहे. कोदाय आपल्या वारीला आले असते तर ते भजनी मंडळांत खुशाल रमले असते, असे आम्हाला उगीचच वाटते. असो.

सा कुठेही असो

‘कोदाय पद्धत’ म्हणून आज जगभर जी शिकवली जाते, तिच्याविषयी एक गैरसमज आहे. कोदाय यांनी शिक्षकांसाठी पद्धतीचे पुस्तक असे लिहिलेच नाही. ते काम त्यांच्या शिष्यांनी केले. त्यातले प्रमुख येनो आदाम, ज्यांचे पुस्तक १९४४ साली आले. हाताच्या खुणांनी स्वर दाखवण्याची रीत इंग्लंडमधील कर्वेन यांची. १९२७ पासून कोदाय यांचे इंग्लंडला जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा तेथील साध्या कामगारांचे वृंद स्वरलिपी वाचून गाताना त्यांनी पाहिले. तालाच्या मात्रा बोलांनी म्हणण्याची रीत फ्रान्सची. कोदाय यांनी या परदेशी रीती घेतल्या. घेतले नाही ते परदेशी गाणे.

आपल्याला तर यातील मुख्य कल्पना सांगायलाच नको. ‘दो’ हा स्वर पियानोच्या एका पट्टीला बांधलेला नसतो, गाणाऱ्याला सोयीची पट्टी घेऊन तेथे ‘दो’ मानायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे. आपला षड्ज हाच. काळी चारमध्ये गा की पांढरी एकमध्ये, सा तो सा. लहान मुलांना कोदाय-शिष्य आधी दोन-तीन स्वर देतात, मग पाच. दो, रे, मी, सो, ला. पेटीवर वाजवून पाहा, भूप निघेल. अर्धस्वर गळ्यावर चढायला अवघड, म्हणून ते मागाहून. आपल्याकडील कित्येक गायनवर्गांतही पहिला राग भूपच असतो. एकमेकांना न विचारता दोन मुलखांतील मास्तर एकाच जागी पोचले!

वर्गासाठी कोदाय यांनी स्वतः लिहिले ते धडे. पंधरा सेकंदांत संपणाऱ्या ओळी, दोन मुलांनी मिळून म्हणायची दोन सुरांची गाणी, शेकड्यांनी. सिंफनी लिहिण्याची ताकद असलेल्या माणसाने पहिलीच्या वर्गासाठी तीन स्वरांची चाल रचताना तेवढीच मेहनत घ्यावी, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या सर्व सन्मानांपेक्षा मोठी वाटते.

शिष्यांनी १९३१ साली ‘मग्यार कोरुश’ नावाची प्रकाशनसंस्था काढली. लायोश बार्दोश, ग्योर्ग्य केरेन्यी ही मंडळी त्यात होती. स्वस्त पुस्तिका छापायच्या आणि गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचवायच्या. १९३४ पासून ‘गाणारे तारुण्य’ या नावाने शाळांच्या वृंदांचे मेळावे भरू लागले. कोदाय यांचे काही विद्यार्थी जगभर नाव काढणारे झाले. आंताल दोराती यांचे नाव संगीतप्रेमींना माहीत असेल. पण चळवळ उभी राहिली ती मागे राहिलेल्यांच्या जिवावर.

युद्धाचा काळ कठीण गेला. १९३८ साली ज्यूविरोधी कायद्याच्या निषेधपत्रावर सही करणाऱ्यांत बार्टोक यांच्याबरोबर कोदायही होते. त्यांच्या पत्नी एम्मा जन्माने ज्यू. बुडापेस्टच्या वेढ्यात दोघांनी एका मठाच्या तळघरात आसरा घेतला. १९४५च्या आरंभी, तोफा पुरत्या थंडावल्या नसताना, ऑपेरागृहाच्या कोट ठेवायच्या खोलीत त्यांच्या ‘मिस्सा ब्रेव्हिस’चा पहिला प्रयोग झाला. पुढे कम्युनिस्ट राजवट आली. सन्मान मिळाले, पण १९५० साली ‘मग्यार कोरुश’ बंद पडली ती सरकारी खाक्यानेच.

त्याच १९५० साली केचकेमेत येथे मार्ता नेमेस्सेगी या शिक्षिकेने एक प्राथमिक शाळा सुरू केली, जिथे गायनाचा तास रोज असे. कोदाय पाठीशी होते. १९६७ साली, ६ मार्चला ते वारले, तोवर देशात अशा शाळा शंभराहून अधिक झाल्या होत्या. २०१६ साली युनेस्कोने लोकसंगीत जतनाच्या या रीतीची नोंद आपल्या अनुकरणीय उपक्रमांच्या यादीत केली.

वह्यांतले आणि तोंडातले

आपल्या मराठीत गोळा करणाऱ्यांची वाण नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी १९४८ नंतर देवासला राहून माळव्याची लोकगीते अशी कान देऊन ऐकली, की त्यांतून नवे राग निघाले. पण ओवी वहीत राहिली आणि राग मैफलीत गेला. पहिलीच्या वर्गात ओवीचे दोन सुरांतले गाणे शिकवणारी पुस्तिका मात्र आमच्या पाहण्यात आलेली नाही. कोणा वाचकाकडे असेल, किंवा कोणा शिक्षकाने आपल्या शाळेपुरती केली असेल, तर आम्हाला जरूर कळवावे. आम्ही ती आनंदाने छापू.

कोदाय यांनी गालान्ताला सोडले नव्हते. १९३३ साली बुडापेस्टच्या फिलहार्मोनिक संस्थेने आपल्या ऐंशी वर्षांच्या निमित्ताने त्यांच्याकडे रचना मागितली, तेव्हा त्यांनी ‘गालान्ताची नृत्ये’ लिहिली, आणि जे गाव आता दुसऱ्या देशात होते त्याचे नाव जगातील वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपत्रिकेवर गेले. १९३७ साली दोन सुरांच्या गाण्यांचा पहिला भाग निघाला, तो त्यांनी त्या गावच्या शाळेला, तेथल्या आपल्या अनवाणी सोबत्यांना अर्पण केला. पन्नास वर्षे उलटली तरी तुमचे आवाज मला ऐकू येतात, अशा आशयाचे काही शब्दही सोबत लिहिले.

गालान्ता आज स्लोव्हाकियात आहे. तेथे अजूनही हंगेरियन माध्यमाची माध्यमिक शाळा चालते. तिला कोदाय यांचे नाव दिले आहे. आणि ‘कोदाय दिन’ या नावाने स्लोव्हाकियातील हंगेरियन भाषिकांच्या वृंदांचा मेळावा त्याच गावी भरतो.